गुडघ्याचं बटण

‘टेन एटी’ हा फळीवर उभं राहून बर्फावरून घसरण्याचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा खेळाल तेव्हा निम्मा वेळ बर्फात तोंड खुपसून जाईल, हे आधीच सांगते. मी पहिल्या संध्याकाळी अकरा शर्यती खेळले आणि त्यातली एकच पूर्ण केली. तीही उड्या मारायचा नाद सोडला म्हणून. पोरगा शेजारी बसून मोजत होता, त्यामुळे आकड्यात फेरफार करायची सोय नव्हती.

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर, मूळची मिरजेची. अकिहाबारात जुन्या गेमच्या एका दुकानात टोपलीभर सुट्या कॅसेटी होत्या, त्यातली ही पाचशे येनला उचलली. जपानी लोकही तिला ‘कासेत्तो’च म्हणतात, आपण लहानपणी म्हणायचो तसंच. डबा नाही, माहितीपत्रक नाही. म्हणून जे शिकले ते पडून पडून. तुमचं थोडं कमी पडणं व्हावं एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

‘१०८०° स्नोबोर्डिंग’ हे त्याचं पूर्ण नाव, आणि तो निन्टेंडो ६४ या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राचा खेळ. नागानोचं हिवाळी ऑलिंपिक ७ ते २२ फेब्रुवारी १९९८ला झालं आणि त्यात स्नोबोर्डिंग पहिल्यांदाच आलं. ते आटोपून आठवडा व्हायच्या आत, २८ फेब्रुवारीला, हा गेम जपानच्या दुकानांत होता. निर्माता शिगेरू मियामोतो, पण प्रोग्रॅमिंगची मुख्य कामगिरी जाइल्स गॉडर्ड आणि कॉलिन रीड या दोघांची. गॉडर्ड म्हणजे ‘सुपर मारिओ ६४’च्या सुरुवातीला मारिओचं गाल-नाक ओढता येणारं तोंड ज्याने केलं तोच. त्या रबरी तोंडाचा आणि इथल्या बर्फाचा काय संबंध, असं वाटेल. दोन्हीकडे ओढलं की वस्तू आपल्या वजनाने, आपल्या वेळेने परत येते. इथल्या माणसाला वजन आहे. उडी चुकली तर तो ‘टुण्’ करून उभा राहत नाही, हात फडफडवतो, तोल सावरायला बघतो, आणि मग आपटतो.

खेळाआधी हत्यार बघा. या यंत्राच्या कंट्रोलरला तीन पाय असतात. डावा हात मधल्या पायावर, उजवा हात उजव्या. डावा पाय मोकळाच लोंबतो, त्याला विचारू नका. मधल्या पायावर दांडा, त्यावर डावा अंगठा. त्याच पायाच्या पोटाशी, बंदुकीच्या घोड्यासारखं झेड बटण, त्यावर डावी तर्जनी. उजव्या अंगठ्याकडे ए आणि बी, उजव्या तर्जनीकडे आर. सगळा खेळ या पाच जागांवर चालतो.

जुना कंट्रोलर विकत घेताना दांडा एका बाजूला ढकलून सोडून द्या. ताठ उभा राहिला तर घ्या. मान टाकलेल्या कोंबडीसारखा लोळला तर परत टोपलीत. आत प्लास्टिकची एक वाटी असते आणि दांड्याचं बूड तिच्यात घासत राहतं. माझा पहिला कंट्रोलर उघडला तेव्हा त्या वाटीत तांदळाच्या पिठीसारखी पांढरी भुकटी साठली होती. ती म्हणजे झिजलेलं प्लास्टिक. असा दांडा पुढे जेवढा ढकलावा तेवढा जातच नाही, आणि या खेळात दांडा गोल फिरवावा लागतो. झिजलेल्या दांड्याने तुम्ही महिनाभर सराव केलात तरी मोठी गिरकी यायची नाही, आणि दोष मात्र स्वतःला देत बसाल. मी बसले होते, सहा आठवडे. टेस्टरला शोभणारी गोष्ट नव्हे, आधी उपकरण तपासायचं असतं.

दुसरं, यंत्र सुरू करताना दांड्याला हात लावू नका. सुरू होण्याच्या क्षणी दांडा जिथे असेल तीच जागा ते ‘मध्य’ धरून चालतं. बटण दाबताना अंगठा किंचित डावीकडे कललेला असेल, तर पुढे सगळा डोंगरच उजवीकडे ओढतोय असं वाटत राहतं. तसं वाटलं तर दांडा सोडा आणि एल, आर आणि स्टार्ट ही तीन बटणं एकदम दाबा. मध्य पुन्हा ठरतो.

टीव्हीचं थोडक्यात. पिवळी, लाल, पांढरी वायर जोडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो लावा. नव्या टीव्हीत चित्र सजवून दाखवायच्या नादात हुकूम आणि हालचाल यांत बारीक अंतर पडतं. मालिका बघताना ते कळत नाही. इथे उडीच्या कडेवर कळतं, आणि नाकावर कळतं.

आता डोंगरावर. खेळाडूंमधला केन्सुके किमाची निवडा. सगळ्या बाबतींत मध्यम आहे, आणि शिकताना मध्यमच बरं. त्याची सवय झाली की मग अकारी हायामी, रिकी विंटरबॉर्न यांच्याकडे वळा. बोर्डांचे बारकावे आत्ता सोडून द्या.

पहिला आठवडा उडी बंद. खरंच बंद, ए बटणावरून अंगठा उचलूनच ठेवा. क्रिस्टल लेक हा सोपा मार्ग टाइम अटॅकमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाशी, घ्या, म्हणजे धक्के मारायला शेजारी कुणी नसेल, आणि नुसतं खाली उतरा. दांडा डावी-उजवीकडे हलकासा. पूर्ण ढकलायची गरज क्वचित पडते. बाजूला ढकलून थोडा खाली ओढला की बोर्डाची धार बर्फात जास्त रुतते, वळण आवळतं आणि वेग पडतो. नवशिका काय करतो, तर वळण आलं की घाबरून दांडा पूर्ण आवळतो, मग उलट बाजूला पूर्ण, असं नागमोडी करत निम्मा वेग बर्फावर सांडतो. वळणाच्या आधी, सरळ रस्ता असतानाच, हलक्या हाताने रेघ धरा. आंबेनळी घाटात एसटीचे चालक गाडी कशी घालतात ते आठवा. वळणावर स्टिअरिंगशी मारामारी नाही, सगळं आधीच ठरलेलं.

सरळ उतार आला की झेड. झेड दाबून धरलं की तो गुडघे वाकवून खाली बसतो, वारा कमी लागतो, वेग वाढतो. बसलेल्या माणसाला वळता मात्र कमी येतं, हे ध्यानात ठेवा. म्हणून सरळ वाटेवर दाबा, वळणाआधी सोडा.

हे गुडघ्याचं प्रकरण मला गेममधून कळलं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही गाला युझावाला, बर्फावर घसरायच्या ठिकाणी, गेलो. तोक्योहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वा तासाच्या आसपास, आणि स्टेशनातच बर्फावर जायची सोय, म्हणजे दारातून बाहेर पडायचं कारणच नाही. भाड्याचे बूट, भाड्याचा बोर्ड, आणि दोन तासांची शिकवणी. शिकवणारे काका साठीचे असतील. माझ्याकडे बघून ते एकच शब्द ओरडत होते, “हिझा! हिझा!” हिझा म्हणजे गुडघा. मी पाय काठीसारखे ताठ ठेवून उभी होते, कारण घाबरलेला माणूस ताठच होतो. मग उताराकडची धार बर्फात अडकली आणि मी अशी काही आपटले की क्षणभर नाव-गाव विसरले. त्याचं कारण साधं. बोर्ड आडवा घसरत असताना उताराच्या बाजूची धार टेकली की बर्फ तिला पकडतो. बोर्ड थांबतो, आपण थांबत नाही.

संध्याकाळी घरी येऊन कण्हत कण्हत गेम लावला आणि पहिल्यांदा लक्षात आलं की केन्सुकेही नेमका तसाच पडतो. आडवा उतरला की पकडला जातो. आणि झेड बटण म्हणजे ते काका आहेत. तेव्हापासून घरात त्याला गुडघ्याचं बटण म्हणतात.

तर आता उतरण्याविषयी. ए दाबून धरून सोडलं की उडी, आणि ती कुणालाही येते. हा सगळा खेळ उतरण्याचा आहे. जमिनीला टेकताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: बोर्डाचं नाक जिकडे तुम्ही चाललात तिकडे हवं, बोर्ड उताराला समांतर हवा, आणि गुडघे वाकलेले हवेत. पहिल्या दोन गोष्टी दांड्याच्या हातात, तिसरी झेडच्या.

एक उडी सावकाश सांगते. समोर उंचवटा दिसतोय. सरळ रेघ धरा, झेड दाबलेलं. कडा जवळ आली की ए दाबून धरा. तो दबतो. कड्याच्या टोकाला ए सोडा, त्याआधी नाही. लवकर सोडलंत तर उंचवट्याच्या अलीकडेच उडून पलीकडच्या सपाटीवर पाट्यासारखे पडाल. हवेत गेल्यावर बहुतेकजण माणसाकडे बघत राहतात. माणसाकडे बघू नका. त्याची सावली बघा. बर्फावरची सावली तुमच्या दिशेने धावत येत असते, आणि जिथे ती बोर्डाला भेटते तिथे तुम्ही टेकणार. सावली जवळ आली की दांडा उताराच्या दिशेला, झेड दाबा आणि दाबूनच ठेवा. टेकल्यावर बोर्ड डोलला तर ज्या बाजूला तोल जातोय त्याच्या उलट बाजूला दांडा, पण चिमूटभर. इथेच माणसं मरतात. तो डावीकडे कलला म्हणून दांडा उजवीकडे पूर्ण हाणतात, मग तो उजवीकडे कोसळतो, आणि आपण ओरडतो की गेमच खोटा आहे. गेम खोटा नाही. स्वयंपाकघरात तापलं भांडं घसरायला लागलं की झटका देऊन कुणी सावरतं का? त्याच्याबरोबर हात थोडा जाऊ द्यायचा असतो.

हे पन्नास वेळा करा. कुठलीही गिरकी नाही, पकड नाही, नुसतं वर आणि खाली. पन्नासपैकी चाळीस वेळा न डगमगता उतरलात की पुढे चला. मी वहीत उभ्या रेघा ओढून मोजलं. नवऱ्याने विचारलं, हे काय, दूधवाल्याचा हिशोब? साधारण तसाच दिसत होता.

मॅच रेसमध्ये शिरलात की शेजारी एक प्रतिस्पर्धी असतो आणि पडद्यावर इजेची पट्टी असते. पडलात, धडकलात, की ती भरते. पूर्ण भरली की शर्यत संपली, मग तुम्ही कितीही पुढे का असेना. शिवाय हरायच्या संधीही मोजक्याच. म्हणून माझं मत असं की मॅच रेसमध्ये एकही दिखाऊ उडी मारू नये. प्रतिस्पर्धी जवळ आला की त्याच्याशी खांद्याला खांदा लावायचा मोह होतो. तो जड निघाला तर तुम्हीच भिरकावले जाता. बाहेरून जागा द्या, पुढच्या वळणावर तो रुंद जातो, तेव्हा आतून शिरा. गोल्डन फॉरेस्ट, माउंटन व्हिलेज, ड्रॅगन केव्ह असे मार्ग पुढे पुढे अवघड होत जातात, आणि डेडली फॉल हे नाव ठेवणाऱ्याने थट्टा केलेली नाही. तिथे पोहोचायची घाई करू नका. पहिल्या मार्गावर ज्या सवयी लागतात त्याच तिथे बाहेर येतात, चांगल्याही आणि वाईटही.

आता गिरक्या, ज्यासाठी लोक हा गेम उचलतात. खेळात २४ ट्रिक्स आहेत. दोन जाती. एक पकड: हवेत बी दाबून दांडा एका दिशेला, की तो हाताने बोर्डाचं टोक किंवा कड धरतो. सोपी पकड दोन कृतींत होते. दुसरी जात गिरकी: दांडा गोल फिरवायचा आणि मध्ये आर आणि बी ठरलेल्या क्रमाने. फेरे आणि बटणं वाढवाल तशी गिरकी मोठी. ३६० म्हणजे एक पूर्ण फेरा, ७२० म्हणजे दोन, १०८० म्हणजे तीन, आणि या शेवटच्या गिरकीला एकूण नऊ कृती लागतात. एका उडीत. पाय जमिनीला टेकायच्या आत.

नऊ कृती हा आकडा ऐकून बहुतेकजण बोटं जोरात चालवायला लागतात. तिथेच चुकतं. सतार शिकणाऱ्याला विचारा, बोल आधी ठाय लयीत बसवतात, मग दुगुणीत. मी यंत्र बंद ठेवून, लोकलमध्ये, बॅगेत कंट्रोलर धरून तो क्रम फिरवायचे. समोरच्या आजी काळजीने बघायच्या. अंगठा दांड्याच्या मधोमध दाबू नका, तो घसरतो आणि गोल अर्धाच होतो. अंगठ्याची पेर दांड्याच्या कडेला टेकवा आणि खळग्याच्या कडेकडेने फिरवा. खळगा अष्टकोनी आहे, त्याचे कोपरे अंगठ्याला टक् टक् लागले पाहिजेत. एक फेरा म्हणजे आठ टक्. कमी लागले तर फेरा झालेला नाही, मग तुम्हाला कितीही वाटो.

सरावाची जागा एअर मेक. तिथे फक्त एक मोठी उडी, बाकी काही नाही. हाफ पाइप, म्हणजे दोन भिंतींमधली बर्फाची नाळ, नंतर, कारण तिथे एक उतरणं चुकलं की पुढच्या भिंतीवर वेगच उरत नाही. आधी ३६०, तीही स्वच्छ उतरेपर्यंत. मग ५४०. हवेत गिरकी संपवून सावली दिसायला वेळ उरला पाहिजे. उरत नसेल तर गिरकी मोठी करू नका, ए उशिरा सोडायला शिका म्हणजे उंची मिळेल.

त्या काळी १०८० म्हणजे गेमच्या नावात घालावी एवढी मोठी गोष्ट होती. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनला एक्स गेम्स या स्पर्धेत हिरोतो ओगिवारा या जपानी पोराने २३४० उतरवली. साडेसहा फेरे. ते दृश्य मी पोराला दाखवलं. तो म्हणाला, “आई, त्याला किती बटणं लागली असतील?” मला फक्त टेकतानाचे त्याचे गुडघे दिसले.

पोराबरोबर दोघांनी खेळायचं असेल तर पडदा विभागून खेळता येतं. लहान मुलाला आधी जिंकू देऊ नका असं मी म्हणणार होते, पण आमच्याकडे तो प्रश्नच आला नाही. तीन आठवड्यांत तो पुढे गेला. त्याचं कारण मला वाटतं तो पडायला लाजत नाही.

एक गोष्ट मात्र कॅसेट आणली त्याच दिवशी करा, आणि ती मी केली नाही. माझ्या कॅसेटमध्ये आधीच्या मालकाचा सगळा डाव शाबूत होता. बोर्डांच्या यादीत पेंग्विनचा बोर्ड उघडलेला. तो ट्रेनिंगमध्ये चोवीसच्या चोवीस ट्रिक्स केल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे या कुणा माणसाने १०८० उतरवलेली होती. आणि क्रिस्टल लेकच्या वेळांमध्ये सगळ्यात वर त्याची एक वेळ होती. मी पहिल्या महिन्यात तिच्यापासून चौदा सेकंद लांब होते. गणपतीपर्यंत पाच. दिवाळीच्या सुट्टीत दोन. नंतर दशांशांत गाडी अडली. मी त्याची वाट त्याच्या वेळेवरून ओळखायला लागले होते: तो अमक्या उंचवट्यावर उडी मारत नसणार, बसूनच जात असणार, नाहीतर इतका वेळ वाचत नाही.

या खेळाचा डाव कॅसेटमधल्या मेमरीत राहतो, आणि ती मेमरी आतल्या बटणाएवढ्या सेलवर जगते, सीआर २०३२. साधारण पाव शतक झालं की सेल केव्हाही संपतो, सांगून नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी यंत्र लावलं तर सगळं नव्या कॅसेटसारखं. पेंग्विन नाही, वेळ नाही. माझ्याही नाहीत, त्याच्याही नाहीत.

सेल बदलता येतो. कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, आणि सेल डाखलेला असतो, त्यामुळे पत्र्याच्या कानांसकटचाच घ्या आणि सोल्डरिंग येणाऱ्याकडून लावून घ्या. माझा एका ओळखीच्या हार्डवेअरवाल्याने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लावून दिला. म्हणून म्हणते, आणल्या आणल्या पडद्याचे फोटो काढून ठेवा. ऑफिसात मी स्क्रीनशॉटशिवाय कुणाचा बग नोंदवून घेत नाही, आणि त्या वेळेचा एक फोटो माझ्याकडे नाही. सेकंद आठवतात. दशांश पोरगा तीन म्हणतो, मी चार म्हणते. फ्रिजवर दोन्ही आकडे लिहून ठेवलेत, आणि काल रात्री मी त्या दोन्हींच्या मध्ये आले.